अस्वलिणीचा नारळ

माझ्या माहेरच्या गावाने एका अस्वलिणीला फसवलं. चार घरांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी माना खाली घातल्या, आणि सह्या करणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ होता. जनावराला कसं फसवणार, त्याच्याशी काय करार झाला होता, असं माणगावच्या बाजारात दोघा-तिघांनी मला हसून विचारलं. झाला होता. तो मी केला होता, सोळाव्या वर्षी, परकर-पोलक्यात, भर गावकीत उभी राहून. आज माणगावात माझं कोकम-आंब्याचं दुकान आहे, दारात तीन टेम्पो उभे असतात, आणि माझ्याशी भाव करायला येणारा माणूस आधी पाणी मागतो. पण आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी त्या दिवशी केला आणि तोच आता मोडला आहे. म्हणून ते सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारी रागाच्या भरात काहीही बोलते. राग आहेच. पण बोलते ते खरं आहे.

आमची वाडी माणगावपासून आत, डोंगराला पाठ लावून बसलेली. वीस-बावीस घरं. वडील मुंबईला गोदीत कामाला, घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. घरात आई, मी आणि धाकटा सुरेश. आमची सकाळ फुंकणीच्या आवाजाने व्हायची. आई चुलीत फुंकायची, मग खोकायची, मग चुलीला दोन शिव्या द्यायची, आणि तेवढ्यात तांदळाच्या भाकरीचा पहिला वास यायचा. भाकरीबरोबर सुकट. सुकट दिवेआगरहून यायची, कारण मावशी तिकडे दिली होती. मावशी सुकट आणि सुपाऱ्या पाठवायची, आई वाल आणि नाचणी पाठवायची, आणि प्रत्येक वेळी दोघी आपापल्या घरी बसून म्हणायच्या की या खेपेला बहिणीने हात आखडता घेतला. माझा स्वभाव कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

डोंगराकडे गावाची वरकस जमीन होती, म्हणजे जिथे भात होत नाही अशी उताराची जमीन. तिचा उपयोग राबासाठी. पावसाआधी भाताच्या रोपांचा वाफा भाजून घ्यावा लागतो. त्यासाठी थंडी सरता सरता ऐन-किंजळीच्या फांद्या तोडायच्या, भारे डोक्यावरून खाली आणायचे, वाफ्यावर पसरायचे आणि उन्हाळ्यात पेटवायचे. तोच राब. ज्या उतारावर राबाची तोड झाली तिथली झाडं पुढे वर्षभर खांबासारखी उभी दिसतात. एकच उतार तसा नव्हता. बहाव्याचा उतार. तो आमचा, धोंडूकाकाचा आणि आणखी दोन घरांचा. चढ उभा, मध्ये काळ्या दगडाच्या कपारी, त्यामुळे तिथे दोन-तीन वर्षांतून एकदाच कोयता चालायचा. उन्हाळ्यात तिथला बहावा फुलला की आमच्या पडवीतून सगळा डोंगर हळद लागल्यासारखा दिसायचा. आणि तिथे अस्वल आहे हे गावाला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, तिचं नाव कोणी घेत नसे. 'काळी' म्हणायचे. “काळी काल ओहोळावर आलेली,” एवढंच.

बाई गणपती झाल्यावर आल्या. टिपणीसबाई. अस्वलांवर अभ्यास करायला पुण्याहून आल्या होत्या. वय पंचवीस-सव्वीस, पायात पुरुषी बूट, खांद्यावर पिशवी, पिशवीत वह्या, दोरी, मोजपट्टी आणि पावलांचे ठसे घ्यायला प्लास्टरची पावडर. फॉरेस्टच्या गार्डाने त्यांना गावात आणून सोडलं आणि जाताना म्हणाला, “यांना जनावरांची मोजणी करायची हाय. कोणी ठेवून घ्या.” कोणी हलेना. आईने विचारलं, “जेवायला काय लागतं तुमाला?” बाई म्हणाल्या, “तुम्ही खाल ते.” आई म्हणाली, “मंग या.” अशा त्या आमच्या पडवीत राहिल्या, आठ महिने.

थंडी पडायला लागली आणि मोठं भांडण झालं. आईची तांदूळ धुवायची रोळी मिळेना. आईने घर पालथं घातलं, सुरेशला दोन धपाटे घातले, आणि शेवटी परसात गेली तर बाई ओहोळाच्या पाण्यात रोळी बुडवून काहीतरी हलवून हलवून धूत होत्या. काळपट, चिकट. आई जवळ गेली, वास घेतला.

“काय हाय ह्ये?”

“अस्वलाची विष्ठा, ताई. यातून कळतं ती काय खाते.”

आईने कपाळाला हात लावला. “माज्या रोळीत? कालीचं शान? त्याच रोळीत मी देवाच्या निवदाचं तांदूल धुते, बाये!”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांना वाटलं होतं की जुनी टोपली आहे. मी हसून हसून परसात बसले. पण आई भांडून झाल्यावर तिथेच उकिडवी बसली आणि रोळीत वाकून बघायला लागली. चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया राहिल्या होत्या. “बहावा,” आई म्हणाली. एक बी नखाने बाजूला केली. “ही बोरं.” मग बारीक, तांबूस, मोहरीपेक्षा लहान काहीतरी बोटावर घेऊन उन्हात धरलं. “ही वालवीची डोकी गं. वारूल खाल्लंय तिनं.” बाई वही काढून भराभर लिहायला लागल्या. ती रोळी स्वयंपाकातून गेली ती गेलीच, पण त्या दिवसापासून ते काम आईचं झालं. वाडीतल्या बायका लाकडाला गेल्या की पानात बांधून आणायच्या, आई धुवायची, आणि बिया चहाच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळ्या ठेवायची. आईला अक्षर येत नव्हतं. पण कुठल्या ओहोळावरचं, कुठल्या पंधरवड्यातलं, ते डब्याकडे बघून सांगायची. बाई म्हणायच्या की माझी अर्धी वही तुमच्या फळीवर आहे.

मी तेव्हा रोज बाजाराला जायची. उन्हाळ्यात करवंदं, पावसात रानभाज्या, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. माणगावच्या एसटी थांब्यावर गाडी दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात खिडकीतल्या माणसाला आपला द्रोण घ्यायला लावायचा. तिथेच दाऊदचाचाचं दुकान होतं, मूळचा म्हसळ्याकडचा, सुकी मासळी आणि कोकमाचा व्यापारी. माझा उरलेला माल तो घ्यायचा आणि रोज माझ्याशी भांडायचा. एकदा मी इतकी ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. चाचा शांतपणे म्हणाला, “बेटी, तुजी जबान कोयत्यासारखी हाय. पन समोरच्याला काय हवं ते आधी बघ, मंग कोयता चालव.” आजही टेम्पो भरताना मला ते वाक्य आठवतं. समोरच्याला काय हवं आहे. सगळा धंदा तेवढाच आहे.

माघात पोपटीचे दिवस होते. शेतात वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून उलटं लावलेलं, भोवती जाळ, आणि बाई आमच्याबरोबर जमिनीवर बसून गरम शेंगा फुंकून फुंकून सोलताहेत. तेवढ्यात वरून ओरडा आला. धोंडूकाकाला दोघांनी खांद्यावर घेऊन आणला. धोंडूकाका वडिलांचा चुलतभाऊ, गावचा पोलीस पाटील, आडदांड माणूस. डोक्याची अर्धी कातडी लोंबत होती आणि डावा कान नव्हता. राबाची तोड सुरू करायची म्हणून तो एकटाच बहाव्याच्या उतारावर गेला होता. काळीने झडप घातली. आईने पोपटीची राख लावू दिली नाही, घरातली स्वच्छ साडी फाडून डोकं बांधलं, आणि त्याला बैलगाडीतून माणगावला नेला. काका जगला. महिन्याने डोक्याला टाके आणि फडकं घेऊन परत आला आणि ओट्यावर बसून त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही: “शिमगा झाला की उतार पेटवायचा. राब म्हनून पेटवायचा. ती कपारीतच भाजली पायजे.”

गावात एक माणूस नाही म्हणाला नाही. मीही नाही. माझ्या काकाचा कान गेला होता, मी का नाही म्हणू? बाई रात्रभर पडवीत अंगाला चादर गुंडाळून बसून होत्या. पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. “चल. एक दाखवते. मग तुला जे वाटेल ते म्हण.”

आम्ही उतारावर गेलो नाही, समोरच्या धारेवर चढलो. मध्ये ओहोळ, पलीकडे बहाव्याचा उतार, हाकेच्या अंतरावर. वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. मागे वळून पाहिलं तर लांबवर खाडीचं पाणी चमकत होतं, पातळ, पत्र्यासारखं. बाईंनी मला दगडाआड बसवलं आणि बोटाने गप्प राहायला सांगितलं. वारा आमच्याकडे येत होता. बराच वेळ काही नाही. वानरंसुद्धा गप्प. मग आवाज आला. आधी कोणीतरी धुळीत जोराने फुंकलं, आणि मग बशीतला चहा ओढावा तसा, पण शंभर माणसांनी एकदम ओढावा तसा, लांबलचक सुरका. माझ्या अंगावर काटा आला. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपारीखालच्या वारुळाकडे बोट केलं.

त्या वारुळाला आम्ही नागपंचमीला हळद-कुंकू वाहत असू. तिथला एक काळा दगड हलला. दगड नव्हता, ती होती. एवढे केस मी कोणत्या जनावराच्या अंगावर पाहिले नव्हते. खांद्यावरून झिपऱ्या लोंबत होत्या, त्यांत वाळकी पानं अडकली होती. तिने पंजा घातला आणि दगडासारखं टणक वारूळ आम्ही भाकरी मोडतो तसं मोडलं. फुंकून माती उडवली. तोंड घातलं. पुन्हा तो सुरका. आणि तेव्हा तिच्या पाठीवर काहीतरी हललं. दोन पिल्लं. केसांत रुतून, मुठी आवळून, पोटावर पालथी. एक झोपलेलं. दुसरं पाठीवरून घसरलं, लोंबकळलं, आणि तिने न बघता, खाता खाता, कंबर थोडी वाकडी करून त्याला पुन्हा वर घेतलं. आई सुरेशला कडेवर घेऊन भाकरी थापायची तेव्हा अगदी तस्सं करायची. तेच. तीच कंबर.

मग कशाचा तरी वास तिला आला असावा. ती मागच्या पायांवर उभी राहिली. माणसाहून मोठी. छातीवर पांढरा पट्टा, कोयत्याच्या आकाराचा. नाक वर करून तिने हवा हुंगली आणि तोंड आमच्या बाजूला वळवलं. मी एसटीच्या खिडकीतली हजार तोंडं पाहिली होती. प्रत्येक तोंड बघून मला कळायचं की याला काय हवं आहे आणि हा किती ताणेल. त्या तोंडाकडे मी बघत राहिले आणि मला काही कळेना. तिला माझ्याकडून काही नको होतं. काहीच नको होतं. जगात असं कोणी असतं हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. मी तिथे हात जोडले की नाही ते आठवत नाही. बाई म्हणतात जोडले होते.

ती पुन्हा चार पायांवर आली आणि पिल्लांना घेऊन कपारीत गेली. बाई कुजबुजल्या, “काकांचा कोयता मला तिथे सापडला. कपारीच्या तोंडापासून दहा पावलांवर. आत पिल्लं होती, आणि काका आवाज न करता, खाली वाकून, थेट दारात गेले. ती कुठे पळणार होती?” उतरताना मी बाईंना विचारलं, “मंग आता?” बाई म्हणाल्या, “माझं कोण ऐकणार? मी बाहेरची.” पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात भारे मोजून झाले होते.

शिमग्याच्या आधी गावकी बसली, गावदेवी काळकाईच्या देवळापुढे. गावकी म्हणजे सगळ्या घरांचे कर्ते पुरुष. बायका बाहेर, कडुलिंबाखाली. आमच्या घराकडून वडील आले होते, कालच मुंबईहून, अजून डोळ्यांत झोप. धोंडूकाका मधोमध. “पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी,” तो म्हणाला. “सगळ्यांनी एकदम, चारी बाजूंनी.” माना हलल्या. मी उठून आत गेले. आईने माझा परकर धरला होता, तो हिसकला.

“काका, मला बोलायचंय.”

“पोरी, भायेर बस.”

“उतार चार घरांचा हाय. त्यातलं एक आमचं. आमच्या घरानं हो म्हटलं का? बाबा, तुमी म्हटलं?”

वडील गडबडले. “मी... मी कालच आलोय.”

कोणीतरी हसलं. ते हसू मला पुरलं. हसणाऱ्या माणसाशी सौदा करता येतो. मी म्हटलं, “तो उतार पेटला की आग तिथंच राहनारे का? वर तुमचा उतार हाय, गणपतमामा. वाऱ्याची दिशा शिमग्यात कुठली असते? मंग पुढची चार वर्सं राब काय आभालातून आननार?” गणपतमामाने मान खाजवली. मी थांबले नाही. त्या उतारावरचा राब चारच घरांचा. बाकी अठरा घरांनी आपापल्या उतारावरून वर्षाला दोन-दोन भारे या चार घरांना द्यायचे. छत्तीस भारे. चार घरांचं भागतं. बदल्यात त्या उतारावर कोणी कोयता न्यायचा नाही, काडी न्यायची नाही, बैल न्यायचे नाहीत. डोंगर भाजणार नाही, कोणाचा राब जाणार नाही, कोणाला दवाखान्यात न्यावं लागणार नाही.

“आन ती खाली आली तर?” एकाने विचारलं.

बाई कडुलिंबाखालून बोलल्या, पहिल्यांदाच. “तिला चाहूल लागली तर ती स्वतःच बाजूला होते. काठीला घुंगरं बांधून चाला. बोलत चाला.”

धोंडूकाका पुढे सरकला. त्याने डोक्याचं फडकं सोडलं. सगळ्यांनी पाहिलं. “भारे झाले,” तो म्हणाला. “छान हिशेब केलास. माजा कान कोन देनार?”

चाचाचं वाक्य आठवलं. या माणसाला काय हवं आहे? अस्वल नको होतं त्याला. त्याला वाटत होतं की आपलं गेलं आणि कोणाचंच काही गेलं नाही.

“कान माज्याकडं न्हाय काका,” मी म्हटलं. “खांदा हाय. तुमच्या घरचा सगला राब मी तोडीन, मीच वाहीन. लगीन होऊन जाईपर्यंत.”

“आन लगीन न्हाय झालं तर? तुज्या ह्या तोंडाला कोन पत्करनार?”

“मंग म्हातारी होईस्तोवर वाहीन.”

आधी गणपतमामा हसला, मग सगळे, आणि शेवटी धोंडूकाका, डोक्याचे टाके ताणले जाऊन मधेच “आई गं” म्हणत. वडील म्हणाले, “आमच्या घराचा हो.” मग एकेक हो.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. गावकीने शब्द दिला की काळकाईच्या उजव्या कोनाड्यात नारळ ठेवायचा. ज्या घराने शब्द मागितला त्या घराने तो दर शिमग्याला बदलायचा. नारळ आहे तोवर शब्द आहे. शब्द मोडायचा असेल तर तोही मोडता येतो. पण गावकी बसवायची, आणि मोडणाऱ्याने सर्वांदेखत स्वतःच्या हाताने नारळ उचलून देवीला तोंडाने कारण सांगायचं. माझ्या आठवणीत कोणी उचललेला नाही. शब्द कोणाला दिला, असं गुरवाने विचारलं. धोंडूकाका म्हणाला, “कालीला.” आणि नारळ त्यानेच माझ्या हातात दिला. बाईमाणसाने ठेवलेला तो पहिला नारळ.

दोन दिवसांनी मी माणगावला चाचाला सगळं सांगितलं, छाती फुगवून. त्याने कोकमाचं पोतं शिवता शिवता ऐकलं. “शाबास. आन कागद?”

“कागद कशाला? देवीपुढं नारल हाय.”

“नारल चांगलाच. तुज्या काकाला पुरेल. तुज्या काकाच्या नातवाला पुरंल का, ते बघ.” मला राग आला. माझ्या देवीवर शंका घेतो म्हणून मी आठवडाभर त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. टिपणीसबाई म्हणत होत्या की फॉरेस्टकडे अर्ज करू, चार घरांच्या सहीने लेखी ठेवू. मीच म्हटलं, नको. कागद आला की गावाला वाटेल आपल्यावर विश्वास नाही. आज टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा मी स्टॅम्पपेपरवर ठेवते, लोक हसतात. हसू देत.

चार वर्षं मी काकाचा राब वाहिला. मानेवर कायमचा घट्टा पडला, तो अजून आहे. लग्नात हार घालताना माझ्या नवऱ्याच्या बोटांना लागला होता. पहिल्या वर्षी काका बांधावर बसून भारे मोजायचा. दुसऱ्या वर्षी मोजायचा नाही. तिसऱ्या वर्षी म्हणाला, “बस झालं गं.” मी म्हटलं, “शब्द हाय.” चौथ्या वर्षी तो स्वतः माझ्याबरोबर भारे वाहायला लागला. सकाळी बायका लाकडाला निघाल्या की काठ्यांची घुंगरं वाजायची, खालून वरपर्यंत, जणू डोंगरच पायात काही बांधून चाललाय. त्यानंतर गावातल्या कोणावर काळी चालून आली नाही. दर शिमग्याला टिपणीसबाई यायच्या आणि वर्षभराचं लिहिलेलं गावकीपुढे वाचून दाखवायच्या: किती ठिकाणी वारुळं खणलेली, कुठल्या महिन्यात काय खाल्लं, या वर्षी एक पिल्लू की दोन. आईच्या डब्यांचं नाव त्यात असायचं, आईच्या नावासकट. काका आपला उरलेला कान पुढे करून ऐकायचा. मरेपर्यंत तो पाहुण्यांना पडवीतून उतार दाखवायचा आणि म्हणायचा, “माजा कान तिकडं राहतो.” वादळाच्या वर्षी मावशीच्या वाडीतली पोफळी आडवी झाली आणि आमच्या उतारावरचे जुने ऐनही उन्मळून पडले. गावाला लाकडाची गरज होती. कोणी एक फांदी आणली नाही.

तर शब्द इतका टिकला. म्हणूनच मला जास्त लागलं.

वडील गेले तेव्हा सुरेश कागद घेऊन आला होता. “ताई, हक्कसोड आहे. नावावर करायला लागते.” मी माणगावात चहा करत होते. वाचलं नाही. भाऊ होता. राखी बांधलेल्या हातातला कागद कोणी वाचतं? वरकसमधला माझा हिस्सा मी गॅसजवळ उभं राहून, ओल्या हाताने सोडून दिला. आयुष्यात दोनदा मी कागदाकडे बघितलं नाही, आणि दोन्ही वेळा तो याच उताराचा होता.

यंदा शिमग्याला नेहमीसारखी नवा नारळ घेऊन गेले. वळणावरून बहाव्याचा उतार दिसतो. त्यावर खालपासून अर्ध्यापर्यंत तांबडी रेघ होती. जेसीबीने रस्ता काढला होता. खाली फलक: डोंगरातले प्लॉट, खाडीचा देखावा. मी देवळात गेले. कोनाडा रिकामा. नुसता रिकामा नाही, पुसलेला. गुरवाला विचारलं, तो म्हणाला, “मी न्हाय बघितला, आत्या.” गणपतमामाच्या मुलाला विचारलं, त्याने मोबाइल कानाला लावला. सुरेशला विचारलं. सुरेश म्हणाला, “ताई, आता राब कोण करतं? पोरं पनवेल-न्हाव्याला कामाला. ती जमीन काय कामाची? आणि तिथे अस्वल आहे कुठे?”

“नारळ कोणी उचलला?”

“ताई, तू सही करून दिलेली आहेस. तुझा त्यात हक्क नाही.”

मी त्याच्याशी भांडले नाही. जे मला ओळखतात त्यांना यावरून समजेल मला किती लागलं ते. काठी घेतली, घुंगरं बांधली आणि त्या तांबड्या रस्त्याने वर गेले. मला गुडघ्यांचा त्रास आहे, दोनदा बसावं लागलं. जेसीबीच्या चाकांच्या ताज्या खुणांवर, अगदी मधोमध, काळीचं शेण पडलं होतं. मी पदरात नाही, पानात बांधलं. आईने तेवढं शिकवलं आहे. सुरेशच्या परसात आईची जुनी रोळी अजून खुंटीला होती. नळाखाली धुतलं. सुरेशची बायको, सुरेश, शेजारपाजारचे, सगळे येऊन उभे राहिले. चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया. वाळवीची डोकी. मी रोळी सुरेशपुढे धरली. माझी ती पहिली अस्वलीण केव्हाच गेली असणार. ही तिची नात असेल, पणती असेल. तिला कोणी सांगितलेलं नाही की शब्द मोडला. ती अजून आमच्या भरवशावर तिथे राहते आहे, पाठीवर कदाचित दोन पिल्लं घेऊन. मला पुन्हा तसाच काटा आला, सोळाव्या वर्षी आला होता तसा. सुरेश खाली बघत होता.

जमीन तुमची आहे. सह्या तुमच्या आहेत. कायद्याने मी कोणी नाही, मान्य. पण नारळ सातबाऱ्यावर नव्हता. तो मी ठेवला होता आणि धोंडूकाकाने माझ्या हातात दिला होता. तो गावकी न बसवता, देवीला काही न सांगता, कोणाच्या तरी हाताने कोनाड्यातून निघाला आणि कोनाडा पुसला गेला. चार घरांत मिळून अकरा माणसं आहेत. त्यांतल्या एकाने हे केलं आहे आणि दहा जणांना ते माहीत आहे.

नवा नारळ माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवला आहे. तो मी कोनाड्यात ठेवलेला नाही आणि फोडणारही नाही. ज्याने जुना उचलला त्याने गावकी बसवावी, मला निरोप पाठवावा, मी येते. मग सगळ्यांसमोर, फडकं न बांधता, काळकाईकडे तोंड करून त्याने सांगावं की मी उचलला, आणि का उचलला. आणि तिथून बाहेर येऊन, डोंगराकडे तोंड करून, काळीलाही सांगावं. सुरेश, तू असशील तर तू ये. कोणी उचलला?